याडीचा पाहुणा हात

याडी, तुह्यी ती चिंधीची गुंडाळी माह्यापाशीच आहे. काळजी करू नको. माह्या भाऊ प्रकाश म्हणे, "बाई, हे तिच्यासंगंच जायाले पाहिजे होतं, आता नाल्यात तरी सोडून देऊ." शेजारच्या बाया म्हणतात, गेलेल्या माणसाच्या हातातली चीज घरात ठेवत नाही. मी सगळ्याइले एकच सांगतलं, कोणी हात लावला तर याद राखा. माह्या आवाज तुले माहीत आहे. एसटीत मागच्या शिटावर झोपलेला माणूस माह्या आवाजानं उठून तिकीट काढते.

गुंडाळी म्हणजे काय, तुह्या जुन्या फेटियाचा तुकडा. तोच लाल घागरा, ज्याचे निम्मे आरसे गळून पडले होते तरी तू कोणाले टाकू देत नव्हती. मीच त्याची घट्ट वळकटी केली, वरून सुतळीनं आवळली, अन् रोज तुह्या डाव्या हातात देत गेली. ती चितेवर जायाची काहून राह्यली ते शेवटी सांगते. आधी भांडू दे. आपलं भांडण अर्धंच राह्यलं, अन् तू अशी अर्ध्यातून उठून गेली.

घरात आपण गोरबोलीत, आपल्या बंजाऱ्याइच्या बोलीत, बोलायचो. तुह्याशी मराठीत बोलायचं म्हणजे मले मास्तरनीसारखं वाटते. पण लिहिणं मी शाळेत शिकली, ते मराठीत. याडी म्हणजे आई, हे पण मले पहिल्या वर्गात बाईंनी फळ्यावर लिहून सांगतलं तवा समजलं. तवापासून मले वाटते, आई पुस्तकात असते अन् याडी घरी असते. कोणी परक्यानं हे वाचलं तर त्यालेही समजावं, म्हणून तुले ठाऊक असलेल्या गोष्टी पण सांगून राह्यली. कंटाळू नको.

त्या रोह्यानं, त्या नीलगाईनं, सारा घात केला. प्रकाशच्या मोटरसायकलवर मागं बसून तू लग्नावून येत होती. सोयाबीन निंगालं होतं, वावरं मोकळी पडली होती, अन् भर दुपारी ते एवढं मोठं जनावर उडी मारून रस्त्यावर आलं. माह्या भावाले नुसतं खरचटलं. तू डोक्यावर पडली. नागपूरच्या दवाखान्यात तुह्यं डोकं उघडलं, आतलं रक्त काढलं. मी रजा टाकून बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. डोळे उघडले तवा तू पहिलं काय बोलली? "बकऱ्याइले पाणी दाखवलं का?" माय वो! मले हासू का रडू तेच समजे ना. मी दोन्ही केलं. नर्सबाईनं मले दटावलं.

दुसऱ्या दिवशी राऊंडवर आलेल्या डॉक्टरनं तुह्या छातीले नळी लावली, अन् तुह्या डाव्या हातानं ती गच्च धरली. डॉक्टर हासला. म्हणे, "सोडा आजी." तू म्हणे, "मी कुठी धरली?" तो कानात नळी घालून वाकलेला तो वाकलेलाच. तू त्याच्याकडे पाहून राह्यली, तो तुह्याकडे, अन् मधात तो हात, दोघाइच्याही बापाचा नसल्यासारखा.

मंग त्यानं मले बाजूले घेऊन समजावलं. "डोक्याच्या समोरच्या भागाला मार आहे. हाताला काही लागलं की तो धरतो. सोडायचं त्याला कळत नाही. त्या मुद्दाम करत नाहीत, हे लक्षात ठेवा. तुम्ही चिडू नका." मी चिडू नको म्हणे! त्याले काय माहीत मी कोण आहे.

व्यायाम करवायले एक पोरगी यायची, बारकी, चष्मेवाली. तिनं मले युक्ती शिकवली. ओढायचं नाही. ओढाल तितकं तो आवळून धरीन. मनगटापासून बोटाइपर्यंत, हाताच्या पाठीवरून, हळूहळू आपला हात फिरवायचा. गाईच्या पाठीवरून फिरवतो तसा. मूठ आपोआप ढिली पडते. मंग तिच्यात काहीतरी द्यायचं, म्हणजे तो हात त्यातच रमते. म्हणून ती गुंडाळी.

घरी आल्यावर तू त्या हाताचं नाव ठेवलं पाहुणा. "हा पाहुणा कधी जाईन व?" म्हणायची. उजव्या हातानं पीठ मळायची, तर पाहुण्यानं परातीतला अर्धा गोळा उचलून मुठीत दाबलेला. उजव्या हातानं गुंडी लावायची, पाहुणा ती काढायचा. बकरीचा कान धरला तर बकरी ओरडे, तू ओरडे, पाहुणा काही सोडे ना. उजव्या हातानं तू त्याले चापटा मारायची. "सोड न बे! लाज नाही वाटत, दुसऱ्याच्या घरी आला तर?" मी दारात उभी राहून हासायची, अन् मागं वळून पदरानं डोळे पुसायची. तुले दिसत नसंन असं मले वाटे. तुले सगळं दिसे.

तपासणीले तुले यवतमाळले न्यायची तवा माह्याच गाडीनं न्यायची. स्टँडवर सगळे उतरले अन् पाहुण्यानं दांडा धरला. मागून दुसरी गाडी हॉर्न देऊन राह्यली, खालून माणसं चढायले पाहून राह्यली. एक जण म्हणे, "ओ बाई, म्हातारीले ओढून काढा न." मी त्याले असं झापलं! म्हटलं, तुह्या हात कधी तुह्याशी भांडला का? नाही न? मंग चूप उभा राह्य. रशीदभाई ड्रायव्हरनं गाडी बंद केली, चावी काढून खिशात टाकली, अन् खाली उतरून लोकाइले म्हणे, "अम्मा को टाइम लगेगा. किसको जल्दी है वो पैदल निकलो." तू शिटावर बसून गालात हासून राह्यली होती. म्हणे, "छोरी, आज सारी एसटी मी धरून ठेवली."

अन् मामीचं? मामीचं आठवलं की मले आताही हासू फुटते, इथं, तुह्या रिकाम्या बाजेपाशी बसून.

आपल्यात बाया लय दिवसानं भेटल्या की एकमेकीच्या गळ्यात पडून सुरात रडतात. नुसतं रडणं नाही, त्यात सगळं सांगायचं असते: कोण गेलं, कोण आजारी, घरचं कसं, मनाचं कसं. अन् त्यात एक रीत आहे, तूच मले लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलेली. लहानीनं आधी सोडायचं नाही. मोठी बाई हात ढिले करते, तवाच लहानीनं रडणं आवरायचं. मोठीनं धरलेलं असतानी लहानी बाजूले झाली तर तो अपमान, वर्षानुवर्षं बोलून दाखवतात.

मामी तुले पाहायले आली. तू तिची मोठी नणंद. ती गळ्यात पडली, तू पण सुरू केलं. तुह्यं डोक्याचं ऑपरेशन आलं, रोही आलं, माह्या मरून गेलेला बाप आला. झालं. तू उजवा हात ढिला केला. पण पाहुण्यानं मामीची चोळी, ती आरशाची कांचळी, मागून गच्च धरली होती. मामीले वाटलं, ननदबाईचं मन अजून भरलं नाही. तिनं पुन्हा सूर लावला. मामाचा गुडघा आला. मेलेला बैल आला. आटलेली बोअर आली. ती थांबत नाही म्हणून तू थांबत नाही, तू सोडत नाही म्हणून ती थांबत नाही. बाया गोळा झाल्या. पलीकडच्या ओळीतली म्हातारी काठी टेकत आली अन् विचारते, कोण गेलं व? शेवटी तू त्याच सुरात, रडता रडता, मले हाक मारली, की छोरी माह्या हात सोडव, हिचा जीव जाईन. अन् मामीले वाटलं ते पण रडण्यातलंच आहे! ती अजूनच हंबरली. बाप्पा! मी चूल सोडून धावली. तुह्या हाताच्या पाठीवरून हात फिरवला, मनगटापासून बोटाइपर्यंत. मामी डोळे पुसत पाहून राह्यली. "असं करा लागते का?" म्हणे. मी म्हटलं, हाव, असंच. तिनं स्वतः करून पाह्यलं. मंग तुम्ही दोघी एवढ्या हासल्या की तुले ठसका लागला.

हे सगळं मी लोकाइले सांगते, ते पण हासतात. पुढचं कोणाले सांगतलं नाही.

याडी, तू मले कधी धरून ठेवलं नाही. हे मी भांडायले नाही म्हणून राह्यली, पण खरं आहे. माह्या लग्नात नवरीले उभं करायचा बैल दुसऱ्याचा आणला होता, तो बुजरा. त्याच्या पाठीवर नवरी म्हणून मी उभी राह्यली, दोन्ही हात वर करून हवेलीचं गाणं म्हटलं, की हे घर सुखी राहो, हा तांडा सुखी राहो. मंग खाली उतरून एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो केलं, म्हणजे नवरीचं जातानीचं रडणं. मामी सोडे ना, मावशी सोडे ना. अन् तुह्या गळ्यात पडली तर माह्या अजून सूरही लागला नव्हता, तू हात ढिले केले. म्हणे, "पाव्हणे खोळंबले." मी रीतीनं बाजूले झाली. गाडीत बसून सारी वाट मी तेच आठवत गेली, की माह्या याडीनं आधी सोडलं, अन् लवकर सोडलं.

तिथं नांदणं झालं नाही. परत आली तवा दारात तू तूर पाखडून राह्यली होती. माह्या हातातली थैली पाह्यली. काहून आली विचारलं नाही, किती दिवस विचारलं नाही. म्हणे, "भाकर झाकून ठेवली आहे." बस. अन् एसटीत कंडक्टर लागली तवा सारा तांडा म्हणे बाई माणसानं गाडीतली माणसं मोजत फिरायचं का. तू चौकात उभी राहून म्हणाली, "माह्यी पोरगी मोजन, तुमच्या पोटात काहून दुखते?" मी चौकातल्या पोट्ट्याइकडून ऐकलं. माह्या तोंडावर तू कधी काही बोलली नाही. त्याचे उपकार मी मानते याडी, रोज मानते. पण एखाद वेळा धरलं असतं तर काय झालं असतं? नुसतं धरलं असतं.

मंग हा हात आला.

सकाळच्या ड्यूटीले निंगायच्या आधी मी तुले चहा द्यायची, बाजेच्या काठावर बसायची. अन् पाहुणा माह्यं मनगट धरायचा. असं धरायचा की बांगडी रुतायची. तू तोंडानं म्हणायची, "जाय, जाय, गाडी चुकन तुह्यी." अन् हात सोडायचा नाही. मी कडकड करायची. "तोंडानं जाय म्हणते, हातानं धरते. खरं कोणतं?"

"जाय म्हणते ते मी. धरते तो पाहुणा."

"हात तुह्या खांद्याले लागून आहे न?"

"डॉक्टर काय म्हणे? म्हणे न, ह्या मुद्दाम करत नाही?"

मीच येऊन सांगतलेलं डॉक्टरचं ते एक वाक्य तू असं जपून ठेवलं होतं! दर वेळा तेच तोंडावर फेकायची. मी रागारागानं हात फिरवायची, मूठ सोडवायची, गुंडाळी द्यायची अन् निंगायची.

आता तुले सांगते. तुह्या डाव्या बाजूले बसायची काही गरज नव्हती. चहा उजवीकडूनही देता येत होता. तुह्या उजवा हात चांगला होता, कप त्यानंच धरायची. मी मुद्दाम डावीकडे बसायची अन् मनगट तुह्या हाताजवळ ठेवायची, जसं काही असंच ठेवलं. तो धरायचा. मी कडकड करायची. जरा वेळ तसंच राहू द्यायची, मंगच सोडवायची. मले वाटे तुले हे समजत नाही.

अन् मले त्या दाराच्या कडीचा राग येत होता, माहीत आहे? कडीले पण तो तितक्याच जोरानं धरायचा. दांड्याले, बकरीच्या कानाले, डॉक्टरच्या नळीले. मी स्वतःले विचारायची, सविता, तू काय अन् कडी काय, त्या हाताले सारखंच. मंग तू कायले मनगट नेऊन ठेवते? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची. एवढी वर्षं वाट पाह्यलेल्या माणसाले कडीच्या वाट्याचं मिळालं तरी ते घेते.

एक दिवस मी सरळ विचारलंच. संध्याकाळची येळ होती, तू अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती एका हातानं. पाहुण्याजवळ गुंडाळी होती.

"याडी, खरं सांग. सकाळी तो मले धरते, तवा तुले जरासंही वाटत नाही का, की मी जाऊ नये?"

"त्याले काय विचारते. तो तर कडीबी धरते."

"मी त्याले नाही विचारून राह्यली. तुले विचारून राह्यली."

तू बकऱ्याइकडे पाह्यलं. एक शेंग सोलली. मंग दुसरी सोलली. म्हणे, "चहाचं पाणी ठेव. येळ झाली."

मी पाणी ठेवलं. भांडं असं आपटलं की शेजारी ऐकू गेलं. तिथंच राह्यलं आपलं भांडण.

शेवटच्या सकाळी पण मी डावीकडेच बसली. चहा देल्ला, तू थोडासाच पेली. मनगट नेऊन ठेवलं. तुह्यी बोटं माह्या मनगटाले लागली, जराशी वळली, बांगडीपर्यंत आली, अन् मंग आपली आपण उघडली. मी हात फिरवला नाही. काहीच केलं नाही. तुह्या तळहात तसाच उघडा पडला होता, वर तोंड करून. तू माह्याकडे पाह्यलं अन् म्हणाली, "जाय."

मी उडालीच. म्हटलं, "याडी! पाहुणा सुधरला व! सोडलं त्यानं!" गुंडाळी द्यायची गरजच पडली नाही, ती मी तशीच तुह्या उशाशी ठेवली. अंगणातून जातानी प्रकाशले ओरडून सांगतलं, आज तिनं स्वतः सोडलं म्हणून. खरं सांगू? थोडं दुखलं पण. मनगट मोकळं मोकळं वाटे. पण आनंद जास्त होता. तुह्यं डोकं बरं होऊन राह्यलं असंच मले वाटलं. दुसरं काय वाटणार होतं?

रशीदभाई म्हणे, "क्या बाई, आज बडी खुश दिखरी." मी सांगतलं. तो म्हणे, "अल्हमदुलिल्लाह. पेढा लागू झाला." राळेगावात मी पावशेर पेढे घेतले, पहिला त्याले देल्ला, अन् राह्यलेले पिशवीत ठेवले तुह्यासाठी. गाडीत चढणाऱ्या ओळखीच्या बायाइलेही सांगत गेली, माह्या याडीच्या हाताले गुण आला.

कळंबच्या स्टँडवर प्रकाशचा फोन आला.

पुढचं तुले माहीत नाही. प्रकाशनं तुले दवाखान्यात नेलं होतं, पण तू वाटेतच गेल्ती. मी पोचली तवा तू पांढऱ्या चादरीखाली होती, अन् एक तरणा डॉक्टर होता, चांगला होता बिचारा, त्यानं मले बसवून सांगतलं. म्हणे, मेंदूत पुन्हा रक्तस्राव झाला असावा. म्हणे, सकाळी काही वेगळं जाणवलं का? मी सांगतलं, हात सुटला. मंग म्हणे, "तेव्हाच सुरुवात झाली असेल. हात ढिला पडला असेल." लगेच म्हणे, "तुम्हाला कसं कळणार होतं." माह्या खांद्याले पिशवी होती, त्यात पेढे होते.

याडी, मी त्या हाताले हासून निंगून गेली. तू मरायले लागली होती अन् मी पेढे वाटले.

तवापासून सगळे मले समजावून राह्यले. प्रकाश म्हणे, ढिला पडला, त्यात तुह्या काय दोष. बाया म्हणतात, तुले मोकळं करून गेली व तुह्यी माय. मले दोन्ही नको. मले तू सांग. धरत होता तो पाहुणा, तर मंग सोडलं ते पण त्यानंच सोडलं, तू नाही. तू तर काही केलंच नाही, न धरलं न सोडलं. अन् सोडलं ते तू, तर मंग इतके दिवस धरत होती ते पण तूच. एक तुह्यं अन् एक त्याचं, असं नाही चालत. मी कंडक्टर आहे, हिशोब जुळल्याशिवाय गाडीतून उतरत नाही. पण तू "जाय" म्हणून गप झाली, अन् हे मले कोणालेच विचारता येत नाही. कोणाले विचारू? डॉक्टरले? त्याले फक्त हात माहीत आहे.

तुह्यी बाज अंथरुणासगट अंगणात काढली, तिच्यापाशी तुले खाली ठेवलं, तवा मी पुन्हा डावीकडेच बसली. चादरीतून तुह्या हात काढला. मनगट नेऊन ठेवलं तळहातावर. बाया पाहून राह्यल्या होत्या, पाहू दे. थंडगार होता. मी वाट पाह्यली. तुह्यी बोटं मीच वळवून माह्या मनगटावर आणली, सोडली की ती पुन्हा उघडायची.

मंग मी तुह्या गळ्यात पडली अन् सूर लावला. लग्नात जो लागला नव्हता तो. सगळं सांगतलं तुले त्यात, कडीचा राग, डावीकडे बसायची ते, पेढे. बायाइले किती समजलं देव जाणे. तुह्या खांद्याखाली हात घालून तुह्या लुगड्याले मी दोन्ही मुठीनं धरलं होतं. ते दवाखान्यापासून तुले नेसवत होतो ते साधं लुगडं. माणसं तिरडी बांधून उभी होती. प्रकाश म्हणे, "बाई, सोड आता." मी सोडलं नाही. कोणी तरी खांद्याले धरून ओढलं, मी अजून आवळलं. ऊन उतरून राह्यलं होतं. कोणी म्हणे, उशीर होते. मी ओरडली, "ती मोठी आहे! ती सोडन तवा मी सोडीन! रीत माहीत नाही का तुम्हाले?"

मी खरंच सांगते याडी, मी वाट पाहून राह्यली होती. आपल्या रीतीत मेलेल्या माणसानं कसं सोडायचं ते मले कोणी शिकवलं नव्हतं.

तवा मामी आली. ती खाली बसली माह्यापाशी, तिचा फेटिया माह्या अंगावर आला. तिनं मले ओढलं नाही. कानाजवळ तोंड आणलं अन् आपल्या बोलीत म्हणाली, "छोरी, तिनं सकाळीच सोडलं न व. तूच सांगतलं न सगळ्याइले. मोठीनं आधी सोडलं. आता तुह्यी पाळी."

मले सोडायचं होतं. देवाशपथ सोडायचं होतं. पण माह्यी बोटंच उघडत नव्हती. मी म्हटलं, "मामी, सुटत नाही."

मामी म्हणे, "हाव, राह्य." अन् तिनं माह्या हाताच्या पाठीवर हात ठेवला. मनगटापासून बोटाइपर्यंत फिरवला, हळूहळू. पुन्हा फिरवला. जसा मी तिले शिकवला होता तसा. माह्यी मूठ एकेक बोट करून उघडली. मंग मामीनं बाजेवर हात लांबवला, तुह्या उशाची गुंडाळी घेतली, अन् माह्या तळहातात देल्ली.

तुले उचललं तवा ती माह्या मुठीत होती. कोणी मांगतली असंन तर मले ऐकू आलं नाही.